मनकर्णाबाईची ओली पोती

आमच्या अकोल्याच्या उन्हाचं कोणी कौतुक करू नये. ते सोसावं आणि गप्प बसावं. पण मनकर्णाबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बासष्ट सालच्या उन्हाळ्यात तिने त्या उन्हाशी उभा दावा मांडला होता.

ती आमच्या समोरच राहायची. एकच खोली, वर पत्र्याची टिनं. नवरा देवराव जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाची धूळ खाऊन खाऊन त्याची छाती निकामी झाली आणि त्याने खाट धरली. डॉक्टर वामनरावांनी बजावलं होतं, याला ऊन बाधलं तर वाचायचा नाही. आणि दुपारी ती टिनं अशी तापायची, की धडधाकट माणसाचाही जीव कासावीस व्हावा.

मनकर्णाने जुनी पोती उसवून दाराला आणि खिडकीला टांगली. सकाळपासून ती त्यांच्यावर पाणी मारत राहायची. बाहेर अंग भाजणारी झळ असायची, आणि पोतं सारून आत गेलं की जीव थंड व्हायचा. नळावरच्या बाया चिडवायच्या, "नवऱ्याले वाचोते का घरात तलाव बांधते वं?"

"माह्या पाळीचं पानी हाये. तुमचं काय जाते?" ती म्हणायची आणि घागर उचलायची.

देवरावाने वैशाख काढला. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, "आमच्या बाईनं सूर्याले दाराबाहीर उभं केलं." ते ऐकून ती लाजायची. या वयात लाजायची, आणि मला फार बरं वाटायचं.

मग मृग लागला, पण पाऊस आला नाही. आभाळ भरून यायचं, वारा पडायचा, अंग नुसतं चिकचिकायचं. देवरावाला धाप लागू लागली. मनकर्णाला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिने पोत्यांवर आणखी पोती चढवली, खिडकीची फट बुजवली, जमिनीवरही पाणी मारलं. पोती आता वाळतच नव्हती. त्यांना कुबट वास सुटला होता. ती जितकी राबे, तितका तो घाबरा होई.

शेवटी वामनराव आले आणि आत पाय टाकताच भडकले. "अहो बाई, हवाच ओली झाली आहे. पोत्यातलं पाणी उडून जाणार कुठे? याचा घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच कोंडली आहे. काढा हे सगळं!"

त्यांनी स्वतःच्या हाताने पोती ओढून काढली. दार-खिडकी सताड उघडली. पण वाऱ्याची झुळूक नाही, आणि वर टिनं तापलेलीच. वामनरावांनी सुई टोचली, वारा घालत राहायला सांगितलं आणि मान खाली घालून गेले. माझा असा संताप झाला! कोणावर काढायचा तेही कळेना.

मी पंख्याने वारा घालत होते. देवरावाने डोळे उघडून दाराकडे पाहिलं.

"काहून वं, पोते काढले? पानी टाक ना."

"डाक्टर नाई म्हनते. पान्यानंच तरास होऊन राहिला तुमाले."

"डाक्टरले काय समजते? सारा उनाळा तुह्या पान्यानंच काढला ना मी. टाक वं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंखा हलवत राहिले. घागर भरलेली होती, पोती दारातच पडली होती. तिने दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले आणि तिथेच बसून राहिली.

देवरावाने बराच वेळ वाट पाहिली. मग त्याचा चेहरा निवळला. "बरं, राहू दे," तो म्हणाला. "थकली असशीन. लय केलं तू. आता पड जराशी."

"नाई वो, थकली नाई मी," ती रडत म्हणाली. पण त्याने डोळे मिटले होते.

दिवेलागणीला तो गेला. बायको थकली, असं समजून गेला.