तळघरातील खांब

मला तळघरातल्या लोखंडी खांबाला बांधून ते सर्व जण वर पिझ्झा खायला गेले.

दोर खरा होता. शिरीषने तो शेतीच्या सामानाच्या दुकानातून मुद्दाम आणला होता. नाटकातला दोर खोटा दिसतो, असे त्याचे मत. दोन वेढे छातीवर, एक कमरेला. हात मागे. गाठ खांबाच्या पलीकडे, माझ्या बोटांना न लागणारी.

"काका, सोडून परत बांधण्यात वेळ जाईल," जिना चढताना तो म्हणाला. "आलोच आम्ही. कॅरेक्टरमध्येच राहा!"

सगळे हसले. जाता जाता कुणीतरी फोनवर माझा फोटो काढला. मग डोक्यावर खुर्च्या सरकल्या. शेजारी घर तापवणारी फर्नेस घरघरत होती. मी सत्तरीच्या घरातला माणूस. नागपूरच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला.

मी तिथे कसा पोहोचलो, ते सांगतो.

पत्नी गेल्यानंतर मी मुलाकडे, अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. मिलिंद मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. घर मोठे, रस्ते रुंद. त्या रस्त्यांच्या कडेने चालायला जागा नाही. दाराबाहेर बर्फ. मला गाडी चालवता येत नाही. कुणी नेले तर जायचे, कुणी आणले तर यायचे. शिरीष हा मिलिंदचा वरिष्ठ. मिलिंदच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे, आणि कंपनीने त्याच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करावा की नाही, हे शिरीषच्या शब्दावर आहे. हे मला मिलिंदने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. घरात प्रत्येक गोष्ट त्या एका शब्दाच्या धाकाने चाले.

इथल्या काही मराठी कुटुंबांचा हौशी नाट्यगट आहे. शिरीष त्याचा दिग्दर्शक. पहिल्या भेटीत त्याने विचारले, "नागपुरात कुठं, काका?"

"इंदोरा."

आमच्या लोकांची वस्ती ती. त्याने आडनाव विचारले. मी सांगितले. तो "अच्छा, अच्छा" असे दोनदा म्हणाला. पुढे काही विचारले नाही.

त्याला वेड होते अमेरिकेच्या जुन्या दूरचित्रवाणीवरील एका वेस्टर्न मालिकेचे. शेरीफ, घोडे, दारूचा गुत्ता, धूळ. तशीच मराठी एकांकिका बसवायची, असे त्याने ठरवले. बैठकीत तो तावातावाने बोलला. "त्या सीरियलमध्ये सगळं रिअल आहे बघा. चिखल रिअल, कपडे मळलेले. पण नेटिव्ह लोक? गोऱ्यांना ब्राउन पेंट फासून उभं केलंय. काय फालतूपणा, यार! ही चूक आपण करायची नाही."

मग तो माझ्याकडे वळला. "आपल्याकडे काका आहेत. काकांना मेकअपच नको."

भूमिका अशी : शेरीफने पकडून आणलेला मूळनिवासी. खांबाला बांधलेला. एकही वाक्य नाही.

शेरीफची भूमिका बापट नावाच्या गृहस्थांना मिळाली. बापट माझ्यापेक्षा दोन छटा काळे आहेत. मी ते बोलून दाखवले. साधा प्रश्न म्हणून.

"अहो काका, रंगाचं नाही हो," शिरीष म्हणाला. "बापटांना पावडर थापू की. पण तुमचं काम दुसऱ्या कुणाला नाही जमणार. ते अंगातच असावं लागतं."

"ते म्हणजे काय?"

"म्हणजे… तो सोसल्याचा लुक."

बापट खुशीत म्हणाले, "मला सात जन्मांत नाही जमायचा बुवा!"

पुन्हा हशा. मिलिंदही हसला. उशिरा हसला, पण हसला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "बाबा, एकच सीन आहे. करा ना. माझ्यासाठी." मी होकार दिला. बापाने मुलासाठी द्यावा तसा.

तयारी म्हणून ती मालिका पाहिली. कृष्णधवल चित्र. मूळनिवाशांचा प्रमुख खरोखरच रंग फासलेला गोरा नट होता. तुटक बोलत होता, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता. पण त्याच्या मागे घोड्यांवर काही माणसे होती. मी चित्र थांबवून पाहिले. ते चेहरे रंगवलेले नव्हते. त्यांना बोलायला वाक्य नव्हते. बंदूक उडाली की घोड्यावरून कोसळायचे, एवढेच त्यांचे काम. बोलणारे रंगवलेले होते. मरणारे खरे होते.

शिरीषने ती मालिका अनेकदा पाहिली होती. मागची रांग त्याला दिसली नव्हती. किंवा दिसली होती, आणि म्हणूनच त्याने मला निवडले.

तर मी शिरीषच्या तळघरात खांबाला बांधलेला. खांदे भरून आले. जिन्यावर एकट्याची पावले वाजली. मिलिंद पाण्याची बाटली घेऊन आला.

"बाबा, पाणी."

त्याने झाकण उघडून बाटली माझ्या ओठांना लावली. मी तोंड फिरवले.

"दोर सोड."

"बाबा, येतीलच ते. पाच मिनिटं."

"मिलिंद, दोर सोड."

त्याने वर, जिन्याकडे पाहिले. "शिरीष चिडेल. त्याला परत बांधत बसायला आवडत नाही."

माझा मुलगा माझ्यासमोर उभा होता. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. त्या हातांनी त्याने बाटलीचे झाकण लावले. तेव्हा मला कळले, दोराने बांधलेला मी एकटाच नव्हतो. मिलिंदची गाठ फक्त दिसत नव्हती.

मंडळी खाली आली. शिरीषच्या हातात कागदी बशी. "काका, तुमच्यासाठी चिकनचा पीस वेगळा काढून ठेवला. तुम्हाला चालतं ना. भरवू का?"

मी आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही. त्याने विचारले नव्हते. त्याला माहीतच होते.

तालीम सुरू झाली. बापट पावडर लावून, छातीवर पत्र्याचा तारा डकवून समोर आले. माझ्याकडे बोट करून त्यांनी आपले वाक्य म्हटले, "हा माणूस नाही, जनावर आहे!"

"काका, मान खाली," शिरीष म्हणाला.

मी मान खाली घातली नाही.

"काका, मान! नजर जमिनीवर. अहो, यात अवघड काय आहे?"

हसू फुटले. या वेळी मिलिंद हसला नाही. मी पुढे पाहत राहिलो. बापटांनी वाक्य पुन्हा म्हटले, पण त्यांचा आवाज बसला. माणसाने डोळ्यांत पाहिले की ते वाक्य म्हणणे कठीण जाते.

"दोर सोडा," मी म्हणालो.

"काका, एक टेक फक्त—"

"दोर सोडा."

शिरीषने सोडला. मी कोट चढवला आणि मिलिंदच्या गाडीत जाऊन बसलो.

सकाळी मिलिंदने उपाय आणला. "मी त्याला मेसेज केलाय. तुमची पाठ धरलीये म्हणून. तो फोन करेल. तुम्ही फक्त हो म्हणा. विषय संपला."

माझे वडील हेच करीत. गावकीचे काम आले, मेलेले जनावर ओढायचे आले, की अंगावर गोधडी घेऊन ताप आल्याचे सांगत. त्यांना आजारी पडण्याची मुभा होती. नको म्हणण्याची नव्हती. त्यांनी मला शाळेत घातले, ते मी त्यांचाच ताप अमेरिकेत येऊन सांगावा म्हणून नव्हे.

फोन आला. मिलिंदने स्पीकर लावला.

"काका, पाठ धरली म्हणे! आराम करा हं. काही टेन्शन नाही. आम्ही बघतो दुसरं कुणी."

सुटकेचे दार उघडे होते. फक्त वाकून बाहेर पडायचे होते. मिलिंदने माझा दंड धरला.

"माझी पाठ ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मी येणार नाही. तुम्ही मला बांधून ठेवून जेवायला गेलात. ती भूमिका मला माझा चेहरा पाहून दिली नाही. आडनाव ऐकून दिली."

शिरीष म्हणाला, "काका, तुम्ही फारच पर्सनली घेताय. इथं अमेरिकेत जात वगैरे कुणी मानत नाही हो."

"मग आता त्या खांबाला कुणाला बांधणार?"

"बघू. अजून ठरलं नाही."

"बापटांना बांधा. रंग जुळतो."

"काका!"

त्या एका हाकेत त्याचे सगळे उत्तर होते. बापटांना बांधण्याची कल्पनासुद्धा त्याला सहन झाली नाही. मला बांधून त्याने पिझ्झा खाल्ला होता.

फोन बंद झाला. मिलिंद खुर्चीत बसला. "तुम्ही नागपूरला परत जाल, बाबा. मला रोज त्याच्यासमोर बसायचंय."

ते खरे होते. मी त्याचे सांत्वन केले नाही. अर्ज अडेल. कदाचित नोकरी जाईल. कदाचित हे घर जाईल. त्याची किंमत मला ठाऊक आहे, आणि ती माझा मुलगा चुकवणार आहे, हेही. तरीही मी शब्द मागे घेणार नाही. मी आज वाकलो, तर त्याला जन्मभर वाकावे लागेल, आणि त्याला वाटेल की यालाच नोकरी म्हणतात.

शनिवारी नाट्यगटाची बैठक आहे. सगळी कुटुंबे येतील. मी जाणार आहे. मिलिंदने नेले तर गाडीने, नाही तर बर्फातून पायी. तिथे मी सर्वांसमोर उभा राहीन, माझे नाव आणि आडनाव मोठ्याने सांगेन, आणि त्या तळघरात काय झाले ते क्रमाने सांगेन. कुणी हसले, तर थांबेन. हसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगेन.