ऑब्सिडिओ म्हणजे बसणं

वाघोलीहून निघालो तेव्हा आई बांधापर्यंत आली होती. खडकवासल्याकडच्या एका ग्रंथालयात मला नोकरी लागली होती. शेत धाकट्या नामदेवचं ठरलं, पण शेतातून रस्त्याला जाणारी वाट आईनं माझ्या नावावर केली. म्हणाली, "वाट तुझी हाय, म्हंजे येत राहशील."

ग्रंथालयात मी युद्धशास्त्राच्या पुस्तकांची कार्डं लिहायचो. एकदा लॅटिन शब्द आला, ऑब्सिडिओ. आमच्या साहेबांनी अर्थ सांगितला: वेढा, पण मुळात नुसतं समोर बसणं. हल्ल्याला वेगळा शब्द आहे. इथे तलवार उपसायची नाही, आतला थकेपर्यंत बसायचं. ओलीस माणसाला लॅटिनमध्ये जे म्हणतात, तेही याच धातूतलं. हे लोकांना ऐकवून मी जन्मभर शहाणा ठरलो.

पुढे आमच्या शेताभोवतीच्या सगळ्या जमिनी बिल्डरकडे गेल्या. नामदेव हटेना. बिल्डरचा माणूस त्याच्या दारी कधी गेलाच नाही. तो दर रविवारी माझ्या फ्लॅटवर यायचा. "सहज आलो, बसतो जरा." चहा घ्यायचा, माझ्या मुलाची चौकशी करायचा. मुलगा त्या बिल्डरच्याच ऑफिसात नोकरीला होता. वर्षभर तो असा बसला. शेवटी मी वाट बिल्डरला देण्याच्या कागदावर सही केली. वाट उघडीच राहील, असा त्याचा शब्द होता. आठवड्यात तिथे पत्रे ठोकले गेले. दुधाची गाडी बाहेर निघेना. नामदेवनं शेत दिलं.

त्याच्या बायकोनं, सुमननं, फ्लॅटच्या हौसेपायी नवऱ्याला फोडलं, असं भावकी आजही म्हणते. लग्नाकार्यात तिला टोमणे मारले जात होते तेव्हा मी शेजारच्या पंगतीत जिलेबी खात होतो. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, सही माझी होती.

परवा त्यांच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर गेलो आणि दारातच सांगून टाकलं. नामदेव टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "ठाऊक हाय. कागद बघितला व्हता मी. वाटलं, दादा आज सांगल, उद्या सांगल."

सुमननं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे दोघांनाबी ठाऊक व्हतं."

आईची वाट आता सोसायटीच्या पार्किंगखाली आहे. आता घर म्हणजे मला एवढंच उरलंय, जिथे कुणीतरी 'बसा' म्हणतं. सुमन एरवी दार उघडता उघडताच म्हणायची, "बसा भावजी."

त्या दिवशी मी बराच वेळ उभा होतो.