बाईंनी ओळखलेल्या पेशी

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता परळच्या एका संशोधन संस्थेत तन्वी नावाच्या मुलीने सहा फ्लास्कमधल्या पेशी ब्लीचमध्ये ओतल्या. तिची तीन महिन्यांची मेहनत त्यांत होती. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. ओतायला बाईंनी सांगितलं होतं.

बाईंची पद्धत ठरलेली होती. फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरायचा, किंचित कलता करायचा, जिभेने एकदा ‘च्च’ करायचं आणि म्हणायचं, “ओत.” कारण विचारलं तर उत्तर मिळायचं, “मेलेल्यांना काय विचारायचंय ते ओतल्यावर विचार.”

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल लिहीत असे. बाई तिथे पेशी वाढवत. एकोणिसाव्या वर्षी त्या काचसामान धुवायला लागल्या होत्या. वडील लालबागच्या गिरणीत, घर गिरणीमागच्या चाळीत. बाटल्या धुता धुता त्या पाहत राहिल्या, शिकल्या आणि मुख्य तंत्रज्ञ झाल्या. पदवी नव्हती. पदवी असलेले सगळे त्यांना घाबरत. अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल. साहेब बदलतात, ती राहते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू माणसाच्या यकृताच्या पेशीत कसा शिरतो, हा त्या विभागाचा विषय. मला तो बाईंनी समजावला. “साहेब, दार आहे तिथेच पाहुणा येणार. ह्या व्हायरसला लागतं ते दार लिव्हरच्या पेशीला असतं. दुसऱ्या पेशीवर ओतलात तर बाहेरच बसून राहील.” मग मायक्रोस्कोपला माझा डोळा लावून म्हणाल्या, “बघा. चाळ आहे की नाही? भिंतीला भिंत. लिव्हरची पेशी एकटी राहत नाही.” नवीन येणारी सगळी मुलं-मुली यकृताची पेशी ओळखायला बाईंकडून असंच शिकत. तन्वीही तशीच शिकली.

तन्वीचे वडील हिंदमाताच्या एका दुकानात साड्या दाखवायला बसत. घरात पीएच.डी.ला गेलेली ती पहिली. शिष्यवृत्ती पाच वर्षांची होती. पहिल्या वर्षी तिने पेशींवर विषाणू सोडला आणि तो आत शिरला. शिरला की पेशी हिरव्या चमकतात. बाईंनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि म्हणाल्या, “जमतंय गो तुला.” बाईंकडून एवढं ऐकलेले त्या विभागात दोघेतिघेच होते.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून हिरवं दिसेनासं झालं. प्रयोग तोच, विषाणू तोच, पेशी बाईंनी वाढवलेल्या. तन्वीने सगळं पुन्हा केलं. परत काही नाही.

“तुझा हात हलतो,” बाई म्हणाल्या. “हात आहे की पंख्याचं पातं? पेशी घाबरून मरतात.”

सगळे हसले. मीही तिथे होतो.

नाताळच्या आदल्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांसमोर तिच्या हातात पाणी भरलेली पिपेट दिली, हात लांब करायला सांगितला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. दीड मिनिटाला थेंब पडला.

“बघितलंस?” बाई म्हणाल्या.

दीड मिनिटाला कोणाचाही थेंब पडतो. हे तेव्हा कोणी बोललं नाही.

विभागप्रमुखांकडे तन्वी एकदाच गेली. पेशी बाहेर तपासायला पाठवू या का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, “बाईंनी बघितल्यात ना? मग?” त्यानंतर ती माटुंग्याच्या एका मेंदूविकार तज्ज्ञाकडे गेली. त्याने थरथरीवर गोळ्या दिल्या. चौथ्या वर्षी तिचे हात खरोखरच थरथरू लागले. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरत असे. बाई कप अर्धाच भरून देत. “सांडशील.” पण गणपतीत तिच्यासाठी उकडीचे मोदक आठवणीने वेगळ्या डब्यात आणत, तेही मी पाहिलं आहे.

पाच वर्षं संपली. शिष्यवृत्ती थांबली, नोंदणी रद्द झाली. तन्वी दादरच्या एका क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवू लागली.

वर्षभराने विभागप्रमुखांनी त्याच पेशींवरचा एक लेख परदेशी नियतकालिकाला पाठवला. नियतकालिकाने पेशींचा ओळख-दाखला मागितला. नमुना बाहेर तपासायला गेला. अहवाल एका ओळीचा होता. नमुन्यात यकृताच्या पेशी नाहीत. सगळ्या पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. तसल्या पेशी शेजारच्या विभागासाठी बाईच वाढवत. लेख मागे घेतला गेला. तन्वीला कोणी कळवलं नाही. अहवालात पेशी आज काय आहेत ते होतं. कधीपासून, ते नव्हतं.

दोन महिन्यांनी बाई निवृत्त होत होत्या. निरोपाच्या छापील पत्रकाचा मजकूर मी लिहिला आणि दाखवायला नेला. त्या कपाट रिकामं करत होत्या. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘इतक्या वर्षांत एकही चूक नाही.’

“हे खोडा.”

“का?”

“खोटं आहे.”

मग त्यांनी सांगितलं. तन्वीच्या दुसऱ्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, लालबागचे रस्ते बंद व्हायच्या आत घरी पोचायचं म्हणून त्या घाईत होत्या. त्यांनी एकाच बाटलीतलं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ अन्न, दोन्ही प्रकारच्या पेशींना घातलं. ‘एक बाटली, एक पेशी’ अशी चिठ्ठी त्याच जागी लावलेली होती, त्यांच्याच अक्षरात. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात. त्यांचा बाटलीत उडालेला एक थेंब पुरला.

“तुम्हाला कधी कळलं?”

“दिवाळीत. उजेडात धरल्यावर मला कळणार नाही होय?”

“मग नव्या का नाही मागवल्या?”

“गोठवलेल्या साठ्यातली शेवटची कुपी होती ती. नव्या मागवायच्या तर अर्जावर कारण लिहावं लागतं.”

“निदान मुलीला तरी सांगायचं.”

“काय सांगू? पेशी ओळखायला तिला मीच शिकवलं.” त्यांनी कपाटाचं दार लावलं. “आणि ती पोरगी माझ्यावर विश्वास ठेवून होती हो. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला नाही कळायचं.”

विद्यापीठात मी चौकशी केली. ठोस कारण आणि त्याचा लेखी पुरावा असेल तर रद्द नोंदणी पुन्हा मिळू शकते. अर्जाची मुदत मार्चअखेर. बाईंच्या सहीचं चार ओळींचं पत्र पुरलं असतं. पत्र हातात आल्याशिवाय तन्वीला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. कागद नसताना बातमी द्यायची नाही, ही माझी जुनी सवय.

फेब्रुवारीत मी बाईंच्या घरी गेलो. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, त्यात चौदाव्या मजल्यावर. बाईंनी सोलकढी दिली. “शनिवारी लिहून ठेवते.” पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा म्हणाल्या, “मी तसं कुठे म्हटलं? पोरीचा हात हलायचाच. सगळ्यांनी बघितलंय.” तिसऱ्या खेपेला भाचेसुनेने साखळी न काढता दार उघडलं. “आत्या देवगडला गेल्यात. कधी येतील माहीत नाही.” उंबऱ्यालगत बाईंच्या चपला होत्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी दादरला क्लासच्या जिन्यात तन्वीला गाठलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “सर, बाई येऊन गेल्या परवा. घरी. लॅबमधलं दुसरं कोणी आलं नाही, त्याच आल्या.”

“काय म्हणाल्या?”

“माझे हात हातात घेऊन बघितले. म्हणाल्या, आता बरे दिसतात. आईशी बोलत बसल्या. लग्नाचं बघा म्हणाल्या.” ती हसली. “रडल्या पण थोड्या. म्हातारपण.”

मी तिला सगळं सांगितलं. बाटली, दिवाळी, पिपेट, अहवाल. वरच्या मजल्यावर मुलं बाकं सरकवत होती.

“पत्र नाही,” मी म्हणालो, “पण तू अर्ज कर. मी जे ऐकलं ते लिहून देतो.”

“नको सर.”

“का?”

“बाईंना पेशी कळल्या आणि त्या गप्प राहिल्या, असं होणारच नाही. तुम्ही त्यांना ओळखत नाही.” तिने उजवा हात पुढे धरला. तो स्थिर होता. “आता गोळ्या लागू पडल्यात म्हणून. तेव्हा हलायचा. माझेच हात होते ते.”

वर्गाची वेळ झाली. ती वर गेली.

एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी फोन करून विचारलं. त्या नावाचा अर्ज आलेला नव्हता.