कवळीवाल्या बाईंचे कुरळे केस

ती कवळ्या करते. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी तिचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, मेण वितळवायची छोटी ज्योत आणि दातांच्या रंगछटांची पट्टी. बावीस वर्षं ती लोकांचे दात बसवते आहे. हात इतका बारीक, की दातांचे डॉक्टर खालून निरोप धाडतात, "अवघड केस आहे, बाईंकडेच द्या." आणि ती दरवेळी मनात म्हणते, अवघड केस माझ्या डोक्यावर आहेत तेवढे पुरेत.

लहानपणी शाळेत तिला 'घरटं' म्हणत. आईचे केस सरळसोट, रेशमासारखे. त्यामुळे लेकीच्या डोक्यावर हे काय उगवलंय, तिला कळेचना. रोज सकाळी ती लेकीला गुडघ्यांत धरायची, बारीक दातांची फणी घ्यायची आणि ओढायला लागायची. शेजारच्यांना त्या किंकाळ्यांवरून वेळ कळायची. घट्ट दोन वेण्या घातल्या, की डोळ्यांचे कोपरेसुद्धा वर ताणले जायचे.

नोकरी लागली त्याच महिन्यात तिने पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी तेच. पाच तास खुर्चीत बसायचं, औषधाच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी काढायचं आणि मुळं दिसायच्या आत परत जायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी नवऱ्याने तिचे खरे केस पाहिलेच नव्हते.

मग एकेचाळिसाव्या वर्षी उजव्या कानाच्या वर आग व्हायला लागली. खपल्या धरल्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "वर्षभर काही लावायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही."

सहा महिन्यांत चार-पाच बोटं कुरळे केस वाढले आणि त्यांच्याखाली जुनी सरळ टोकं लोंबत राहिली. वर स्प्रिंगा, खाली झाडू. "तुझ्या डोक्यावर दोन वेगळ्या बायका राहतात असं वाटतं," नवरा म्हणाला. ती हसली नाही. मग त्याने न सांगता भांडी घासून टाकली.

शेवटी ती घराजवळच्या काचेच्या दारांच्या पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीने केस धुतले, ओले असतानाच ताणून एका रेषेत कापले, गरम हवेने सरळ केले आणि आरसा धरून म्हणाली, "बघा मॅडम, आता कशा माणसात आलात!" दोन दिवसांनी घरी डोकं धुतलं, तर एक बाजू कानापाशी, दुसरी खांद्यापाशी, आणि एकूण आकार तंबूसारखा. न्हाणीघरात नळ सोडून ती रडली. दुसऱ्या दिवसापासून रुमाल बांधून कामाला जाऊ लागली.

असाच महिना गेला. एक दिवस डॉक्टरांनी एका काकूंना वर पाठवलं. खालची कवळी हिरडीला घासत होती. काकू पंच्याहत्तरीच्या. डोक्यावर पांढरेशुभ्र कुरळे केस, पण काय बसलेले! प्रत्येक बट आपापल्या जागी मजेत. कवळी घासता घासता हिचं लक्ष सारखं तिकडेच.

"काकू, तुमचे केस कोण कापतं?"

दात हिच्या हातात. काकू काहीतरी म्हणाल्या, ते "याअई" असं ऐकू आलं. हिने घाईघाईने कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि पुन्हा विचारलं.

"जावई गं! माझा जावई कापतो."

जावयाचं दुकान बस डेपोच्या मागे, आणि तेही पुरुषांचं. दोन खुर्च्या. ती दारात उभी राहिली तेव्हा दोन्ही खुर्च्यांवर गालांना फेस लावलेली माणसं होती आणि आरशातून तिच्याकडे बघत होती. परत फिरावं असं तिला वाटलं. पण तो आडव्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस म्हणाला, "सासूबाईंचा फोन आला होता. बसा ताई, मोकळा झालो की बघतो."

त्याने रुमाल काढायला सांगितला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कंगवा कधी फिरवलात?"

"आज सकाळी."

"मग आज नाही कापत. तीन दिवस कंगवा बंद. ओल्या केसांतला गुंता बोटांनी सोडवायचा, केस आपोआप वाळू द्यायचे. मग या."

एवढ्या लांब येऊन हात हलवत परत! तिला रागच आला. तेवढ्यात त्याने मागची एक बट धरून खाली ओढली आणि सोडली. ती टुणकन वर गेली. "मागचे डावीकडचे केस जास्त घट्ट आहेत. माहीत होतं?"

एकेचाळीस वर्षांत तिला माहीत नव्हतं. राग तिथेच विरला.

चौथ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. त्याने पाणी न लावता, एकेक बट वेगळी घेऊन कापायला सुरुवात केली. "ओल्या केसाचा भरवसा नाही, ताई. वाळल्यावर तो कुठे जाऊन बसेल, ते त्यालाच ठाऊक."

"हे कुठे शिकलात?"

"घरीच. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोचे केस कापले आणि ती दोन आठवडे माहेरी जाऊन बसली. तिचे आईवरच गेलेत. शिकण्यावाचून इलाजच नव्हता."

मग तिने सांगितलं, की तीसुद्धा दात एकदम पक्के करत नाही. आधी मेणात लावते, माणसाला बोलायला, हसायला लावते आणि मगच कायमचे बसवते. त्याची कात्री थांबली. "म्हणजे आधी मेणात?" "मेणात." पुढचा तासभर दोघं आपापल्या कामाबद्दलच बोलत राहिले. सरळ टोकं फरशीवर पडत गेली.

आरशात तिने बराच वेळ पाहिलं. कपाळ मोकळं, चेहरा भरलेला, कानांवर गोल गोल बटा. बोलायला मात्र एवढंच सुचलं, "मानेला गार लागतंय."

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. "हे सगळं तुझंच?"

"माझंच."

"इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस?" म्हणत त्याने एक बट बोटाला गुंडाळली, आणि जेवताना दोनदा चमचा हातात तसाच धरून तिच्याकडे बघत बसला.

रविवारी आई आली. सवयीने म्हणाली, "विंचरलं नाहीस का गं?" मग जवळ येऊन केसांत हात घातला. बोटं कुठेच अडकली नाहीत.

"मला वाटायचं, माझाच जोर कमी पडतोय," आई म्हणाली. "म्हणून आणखी ओढायचे. फार दुखायचं का?"

"दुखायचं."

"मग सांगायचंस."

"सांगतच होते की, रोज सकाळी!"

"तू काय, दूध प्यायलाही तशीच किंचाळायचीस," आई म्हणाली, आणि मग दोघींना हसू आवरेना. जाताना आईने मात्र दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं आणि थोडा वेळ सोडलंच नाही.

पार्लरच्या काळात केस भिजू नयेत म्हणून ती पाण्यापासून दूरच राहिलेली होती. सहलीला सगळे पाण्यात उतरायचे, ही काठावर चपला सांभाळत बसायची. बेचाळिसाव्या वर्षी तिने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई काठावरून ओरडतात, "पाय मारा, पाय!" आणि ही नाकातोंडात पाणी जाऊनही पाय मारते. चौथ्या आठवड्यात तिने तलावाची रुंदी एका दमात पार केली, कठड्याला धरून खोकली, आणि बाईंनी "थोडं थांबा" म्हणायच्या आत परत फिरली.