वरचा अर्धा तास

माझे वडील तीन महिन्यांसाठी म्हणून आइंडहोवनजवळ न्यूनेनला माझ्याकडे आले आणि कोरोनामुळे इथेच अडकले. अप्पा म्हणजे बार्शी डेपोतले एसटीचे निवृत्त कंट्रोलर. एकतीस वर्षांत गाडी लेट झाली की दोष ड्रायव्हरचा, रस्त्याचा, फार तर पावसाचा; कंट्रोलरचा कधीच नाही. घरातही तोच कायदा.

त्याच कायद्याने त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला, ऋताला, तोडलं होतं. त्यांनी ठरवलेलं लग्न मोडून ती पीएचडीला ग्रोनिंगेनला आली, तेव्हा "मला आता एकच मुलगी," म्हणाले. त्याला दोन वर्षं झाली. तिचा फोन आला की अप्पा उठून बागेत जायचे, आणि मधल्या मधे भरडली जायची मी.

जूनमध्ये भारतात जाणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. पुन्हा येणं कधी होईल, देव जाणे. जायला आठ दिवस उरले आणि अप्पांना भूगोलाचं वेड लागलं.

"सुचेता, इथून मास्ट्रिख्टचं विमानतळ किती लांब? आणि रॉटरडॅमचं?" असं गावाला वळसा घालत घालत एका सकाळी पोहे खाताना हळूच, "आणि ते उत्तरेकडचं?"

"ऋताच्या गावचं म्हणा ना सरळ!"

"मी अंतर विचारलं. नाव नाही विचारलं."

अस्सा राग आला! तरी लॅपटॉपवर अंतरं सांगणारं एक पान उघडून दिलं. आइंडहोवन ते ग्रोनिंगेन: दोनशे तीन किलोमीटर, विमानाने पंचेचाळीस मिनिटं.

अप्पांनी चष्मा चढवला. "सुटतं कधी?"

"सुटतच नाही. असं विमानच नाहीये अप्पा, नुसतं गणित आहे."

"गाडी नाही आणि वेळ लिहितात? आमच्याकडे मेमो मिळाला असता!"

मग पेन्सिल घेऊन बसले. ताशी आठशेचा वेग धरला तर अंतर पंधरा मिनिटांचं. मग उरलेला अर्धा तास कुठला? दुपारपर्यंत विमानतळांच्या आणखी चार जोड्या तपासल्या; प्रत्येकीत तोच अर्धा तास वरचा. चैन पडेना, तेव्हा माझ्या नवऱ्याला, प्रणवला, चालू मीटिंगमधून उठवलं.

"तो चढायला आणि उतरायला लागतो," प्रणव म्हणाला. "अंतर कितीही असो."

अप्पांनी कागदावरचा तो अर्धा तास खोडला.

"म्हणजे पोरगी पंधरा मिनिटांवर आहे," ते म्हणाले. "शनिवारी गाडी काढा."

गाडीने पावणेतीन तास लागले. ऋताच्या इमारतीखाली थांबलो, तर अप्पा उतरेचनात. चष्मा पुसला. लाडवांचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "उतरा की आता!" मी म्हटलं, तर "थांब गं," म्हणाले. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी खिडकीतून गाडी पाहून ऋताच खाली आली. तोंडाला मास्क, नियमाप्रमाणे दीड मीटरवर उभी. तरी जीभ माझ्याच बहिणीची.

"कंट्रोलर साहेब, गाडी दोन वर्षं लेट आहे. कारण काय लिहू?"

अप्पांनी दार उघडलं. एक पाय खाली टेकवला.

"लिही," ते म्हणाले, "चूक कंट्रोलरची." आणि दुसरा पायही खाली ठेवला.