काचपट्टी

मामाला आमच्या गल्लीत सगळे 'काचपट्टी' म्हणायचे. आईचा थोरला भाऊ. नाकासमोर चालणारा माणूस, आणि तेच त्याला भोवलं.

नदी तळ्याला मिळते तिथे, काठाला लागूनच आमची घरं. नदीच्या पात्रातून जमिनीतली एक भेग निघते आणि आमच्या गल्लीखालून तळ्यात उतरते, असं भूगर्भवाल्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं. तळं काठोकाठ भरलं की भूकंपाचे धक्के वाढायचे, भिंतींना तडे जायचे. त्या तड्यावर मामा बोटभर रुंदीची काच आडवी धरायचा, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करायचा आणि शेजारी तारीख लिहायचा. काच फुटली म्हणजे भिंत सरकतेय. तीस वर्षं हेच सरकारी काम. फुटलेली पट्टी त्याच दिवशी बदलायची, असा कार्यालयाचा नियम होता. मामा इतकी सुबक बसवायचा की बायका कौतुकानं बघत राहायच्या. डोंबलाचं कौतुक!

कारण महिन्याच्या तक्त्यात रकाना एकच: आज पट्टी कशी आहे? अहो, सकाळी नवीकोरी लावलेली पट्टी शाबूतच असणार ना! त्यामुळे आमची अख्खी गल्ली कागदोपत्री ठणठणीत होती.

आमच्या स्वयंपाकघरात एका वर्षात सात पट्ट्या फुटल्या. ज्यांची भिंत सरकते त्यांना सरकार टेकडीवर घर देत होतं. एरवी दुसरीकडे जायची आमची ऐपत नव्हती. आईनं अर्ज केला. उत्तर आलं, 'नोंदीनुसार भिंत स्थिर.'

आई ते पत्र घेऊन मामापुढे उभी राहिली. "दादा, सातही पट्ट्या तूच बदलल्यास ना रे? मग हे काय?"

मामानं पत्र दोनदा वाचलं. "फुटलेलीला रकानाच नाही गं."

"मग माझ्या कपाळावर लिहायचं होतंस!"

आईची जीभ तशीच होती. पण हे मामाला लागलं. आठवी पट्टी फुटली तेव्हा त्यानं ती बदललीच नाही. तशीच ठेवली आणि तक्त्यात लिहिलं, 'फुटलेली.' वर साहेबांना जाऊन सांगूनही आला. साहेबांनी त्याला कामात कुचराई केली म्हणून घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला, वाकडीतिकडी पट्टी चिकटवून, 'शाबूत' लिहून गेला. आईनं पुन्हा अर्ज केला, तोही त्या 'शाबूत'च्याच जोरावर परत आला.

ती पट्टी लावल्याच्या अकराव्या दिवशी भर दुपारी जमीन हलली. मी कामावर होते. आई भाजी चिरत बसली होती. तीच भिंत तिच्या अंगावर आली.

चौकशी झाली. अहवालात काय लिहावं मेल्यांनी? 'संबंधित कर्मचाऱ्याने पट्टी वेळेवर न बदलल्याने धोक्याची सूचना मिळाली नाही.' चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा नुसता संताप झाला. गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेऊन मी तणतणत मामाकडे गेले. म्हटलं, यांना कोर्टात खेचायचं, तू फक्त सगळं खरं सांग.

मामानं त्याला आलेली अहवालाची प्रत पुढे केली. खाली त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मान्य,' आणि सही.

"मान्य? कुणी जबरदस्ती केली तुला?"

"कुणी नाही. चूक माझीच आहे. वेळेवर लावायला हवी होती मी."

मला रडू आवरेना. त्याचे खांदे धरून मी त्याला गदागदा हलवलं. "मामा, अरे काचेच्या पट्टीनं कधी भिंत उभी राहते का?"

त्यानं माझे हात हळूच बाजूला केले.

"मी लावत होतो तोवर उभी होती ना गं."