उपास आणि उपाशी यांच्यामधलं सोयगाव

बहिणीने मला कामाला बोलावलं होतं, सहलीला नव्हे. तरी बॅगेत सगळ्यात आधी कॅमेरा गेला, यावरून माझी कामावरची श्रद्धा ओळखावी.

मंजिरी, माझी धाकटी बहीण, संभाजीनगरला मधुमेहावर संशोधन करते. तिचा प्रश्न सांगायला सोपा आहे. आई दुष्काळात अर्धपोटी असताना जी बाळं पोटात वाढली, त्यांचं शरीर जन्माआधीच काटकसर शिकतं का? आणि पुढे पोटभर मिळायला लागल्यावर तीच काटकसर अंगाशी येते का? त्यासाठी तिला सोयगाव तालुक्यातल्या एका गावातली, बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली माणसं हवी होती. "तूही त्यातलीच," ती फोनवर म्हणाली, "पण तुझं रक्त नको, तुझं मराठी हवंय."

गावात वाटायचं पत्रक मला नीट करून द्यायचं होतं. तिच्या मसुद्यात होतं, 'रात्रीच्या जेवणानंतर काहीही न खाता उपाशीपोटी यावे.' मला ते 'उपाशी' फार कोरडं वाटलं. पाहुण्याला कुणी उपाशी बोलावतं का? मी लिहिलं, 'सकाळी उपास धरून यावे.' सुटसुटीत, घरगुती. मंजिरीने कामाच्या घाईत ते तसंच छापायला दिलं आणि मी माझ्यावर खूश झाले.

नाशिकहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीतून दिसणारं सगळं अर्ध्या किमतीत. येवला, वैजापूर करत पाच तासांत संभाजीनगर. मंजिरीचं घर चिकलठाण्याच्या बाजूला. विमानं इतकी खालून जातात की चहाच्या कपात तरंग उठतात. संध्याकाळी आम्ही गुलमंडीवर इम्रती खाल्ली. मधुमेहाची संशोधक आणि तिची बहीण, दोघी तुपाने चिकट बोटं चाटत उभ्या. "तू तुझी तपासणी केलीस?" तिने विचारलं. आमच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी साखर तपासायला सांगितली होती. मी ती चतुर्थीवरून एकादशीवर आणि एकादशीवरून पुढच्या चतुर्थीवर ढकलत होते. मी दुसरी इम्रती मागवली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी निघाली. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर आणि मग सोयगाव. जाणाऱ्यांनी तीन तास धरावेत. रस्त्याचं काम सुरू असेल तर कंबरेचाही विचार करावा. अजिंठ्याचा घाट उतरताना माकडं, कापसाची शेतं आणि खाली पसरलेला खानदेशाकडचा सपाट मुलूख. मी फोटो काढत होते. मागच्या सीटवर मंजिरी बर्फाची पेटी पायांनी धरून बसली होती. गाडी आणि पेटी दोनच दिवस मिळाली होती, आणि यादीत अठ्ठावीस माणसं होती. इतकी जुळवायला तिला दोन वर्षं लागली होती.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली. माणसं आमच्या आधी हजर. रक्त घेणारा तंत्रज्ञ प्रत्येकाला विचारत होता, "उपास?" उत्तर यायचं, "व्हय." खूण, सुई, नळी, पुढचा. माझ्या मराठीचा कारभार इतका सुरळीत चाललेला पाहून मला भरून आलं.

रशीदभाई शिंप्याची शीर मात्र सापडेना. दोनदा टोचून झालं. मंजिरीने विचारलं, "पाणी नाही प्यायलात का?"

"पाणी कैसा पिऊ, मॅडम? उपास बोले ना तुमी. आमच्यात उपास मंजे रोजा. पहाटे सहरी करून बसलो, तेव्हापासून थेंब नाही."

"पहाटे खाल्लंत?"

"दोन रोट्या, दूध, खजूर. उसके बगैर रोजा कैसा होगा?"

मंजिरी हातातली नळी तशीच धरून रांगेकडे वळली. रांगेत सगळ्यात पुढे कौसाबाई होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर, हातावर चुन्याचा डाग. "मावशी, तुम्ही रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाय बा. कडक उपास हाय," कौसाबाई म्हणाल्या. "निस्ती साबुदाण्याची खिचडी, वाटीभर भगर, अन् लई तर दोन बटाटे."

मागून बाया दुजोरा देऊ लागल्या. कुणी शेंगदाण्याचा लाडू, कुणी केळी, कुणी राजगिरा. चहा तर मोजलाच नव्हता. माणसाचं शरीर लाखो वर्षं उपासमारीला सरावत आलं, असं मंजिरी सांगते. माणसाने मधल्या काळात उपासालाच साबुदाण्याची सवय लावली, हे तिच्या शास्त्रात नसावं. बर्फाच्या पेटीतल्या सतरा नळ्या वाया गेल्या होत्या.

"ताई," ती एवढंच म्हणाली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

उद्या परत या, असं सांगायला मीच उभी राहिले. रांगेत कुजबूज झाली. "परत रगत? आधीच अंगात हाय किती?" लोक उठून निघाले तर दोन वर्षांचं काम इथेच संपणार होतं.

कौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. "कागूद कुणी लिवला?"

"मी."

"मंग नीट उपाशी या म्हणायचं. लाज वाटली व्हय? उपाशी तर माही माय हुती. मी पोटात आन् ती दुष्काळी कामावर, सरकारी सुकडी खाऊन दिसभर खडी फोडायची. तिला कुणी उपास नाय म्हणलं." मग त्या म्हणाल्या, "उद्या येतो आमी. पर आधी तुमचं रगत काढायचं. समद्यांसमोर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी सातला शाळेच्या शिक्षकांकडे भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवले. या भागात आलात तर ते चुकवू नका. त्यानंतर फक्त पाणी. सकाळी चहाचा वास आला तेव्हा मला कळलं की आयुष्यात मी असंख्य उपास केले, पण उपाशी कधीच राहिले नाही.

व्हरांड्यात सगळे आले होते. रशीदभाई तांब्याभर पाणी पिऊन आले होते आणि ते सगळ्यांना सांगत होते. मी पहिल्या खुर्चीत बसले. मंजिरीने नळी भरली आणि लोकांना दिसावं म्हणून बोटाचा थेंब छोट्या यंत्रावरही घेतला. आकडा तिने पाहिला, वहीत लिहिला आणि मोठ्याने म्हणाली, "झालं. पुढे या, मावशी." अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नळ्या पेटीत गेल्या.

मला तिने परतीच्या वाटेवर, सिल्लोडला गाडी थांबल्यावर सांगितलं. मी चहा मागवत होते. "साखर नको घालू," ती म्हणाली. "ताई, तुला झालाय. बऱ्याच दिवसांपासून असणार." मग हळू आवाजात म्हणाली, "आईला विचारायला हवं होतं, तू पोटात असताना ती काय खात होती." आई जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही दोघींनी ते कधी विचारलं नव्हतं.

नाशिकला परत आल्यावर गोळ्या सुरू झाल्या. प्रवासातून घाटाचे फोटो उरले आहेत, वांग्याच्या भरिताची चव उरली आहे, आणि पत्रकाची एक प्रत मी फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे. परवा कौसाबाईंचा फोन आला. मंजिरीने त्यांचा अहवाल त्यांना समजावला होता.

"माही साखर बरी निघाली म्हणं," त्या म्हणाल्या. "तुमची?"

मी आकडा सांगितला.

"मंग तुमी आता उपास सोडा, बाई."

आमच्याकडे उपास सोडणे म्हणजे पानावर बसून वरण-भात, भाजी आणि काहीतरी गोड. या वेळी मात्र मी आधी विचारून घेतलं, "म्हणजे नक्की काय करू?"